वाऱ्याचा व्यापार, चांदीची टवाळी

एक माणूस काठी टेकत चालला आहे. पाठीवर धान्याचं पोतं. पोत्यावर बसलेला सैतान मजेत पोत्याचं तोंड सोडतोय, मागे दाणे सांडत चाललेत, आणि ओझ्याखाली वाकलेल्या धन्याला त्याचा पत्ताच नाही. सोबत ‘महागाईचा काळ’ अशा अर्थाचे जर्मन शब्द आणि १६९४ हे साल. हे सगळं साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास व्यास असलेल्या धातूच्या चकतीवर ठशाने उठवलेलं आहे. चकती उलटली की धान्य मोजायचं माप दिसतं आणि बायबलच्या नीतिसूत्रांतलं एक वचन. त्याचा आशय एवढाच, की धान्य कोंडून ठेवणाऱ्याला लोकांचे शिव्याशाप लागतात आणि विकणाऱ्याला दुवा मिळतो.

पदक म्हटलं की आपल्याला गौरव आठवतो. परीक्षेत पहिला आला, कुस्ती जिंकली, लढाईत पराक्रम केला, की छातीवर पदक. युरोपातही राजेरजवाड्यांनी आपल्या विजयांची, लग्नांची, तहांची पदकं पाडून घेतली ती याच हेतूने. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर स्वतःच्या कारकिर्दीचा अख्खा इतिहासच पदकांवर कोरून घेतला. मात्र हीच कला जर्मन कारागिरांच्या हाती लागली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ज्या ठशाने माणूस मोठा करता येतो त्याच ठशाने त्याची फजितीही करता येते. खर्च तोच, मेहनत तीच. एकदा पोलादी ठसा कोरून तयार झाला की त्यातून श्रीमंत हौशी गिऱ्हाइकासाठी चांदीचं पदक काढायचं आणि साध्या माणसासाठी कथलाचं. टवाळीचं पत्रक जप्त करून जाळता येतं, पावसात भिजलं तर लगदा होतो. खिशातली चकती मात्र या हातातून त्या हातात जाते आणि कोरणारा मेल्यावरही हसत राहते.

या धंद्यातला सगळ्यात खट्याळ माणूस ख्रिस्तियान वेरमुथ. जन्म १६६१, मृत्यू १७३९, मुक्काम जर्मनीतल्या थुरिंगिया भागातलं गोथा हे छोटं संस्थान. तिथल्या दरबाराचा हा पदककार. दरबारासाठी तो रीतसर गौरवपदकं करायचा आणि उरलेल्या वेळात जगाची खिल्ली उडवायचा. आयुष्यभरात त्याने हजाराहून अधिक पदकं केली. साठेबाजाचं वर सांगितलेलं पदकही त्याच्याच नावावर सांगितलं जातं. त्याला पुढे एक जोडपदकही आलं. धान्य स्वस्त झालं तेव्हा त्याच साठेबाजाला झाडाला लटकवून ‘स्वस्ताईचा काळ’ साजरा करणारं.

इथे मात्र हसू आवरायला हवं. पदकावर त्या साठेबाजाला नाव दिलंय ते ‘धान्य-ज्यू’. त्या काळच्या जर्मन मुलखात ज्यूंना जमीन घेण्याची आणि बहुतेक ठिकाणी व्यापारी संघांत शिरण्याची मनाई होती. भरलेली मोठी कोठारं होती ती जमीनदारांची, मठांची, ख्रिस्ती व्यापाऱ्यांची. दुष्काळ पडला, भाव चढले, आणि ज्याच्या हातात कोठाराची किल्लीच नव्हती त्याच्या गळ्यात ही चकती बांधली गेली. टवाळीचं हत्यार धारदार असतं, पण ते कुणाच्या मानेवर चालवायचं हे पुष्कळदा पूर्वग्रहच ठरवतो. म्हणूनच ही पदकं आज संग्रहालयांत दोन कारणांसाठी जपली जातात, कारागिरीचा नमुना म्हणून आणि द्वेषाचा पुरावा म्हणूनही.

वेरमुथची खरी कमाल दिसली ती पंचवीस वर्षांनी, आणि या वेळी नेमका माणूस सापडला.

जॉन लॉ हा स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या सोनार-सावकाराचा मुलगा, जन्म १६७१. देखणा, हिशेबात तल्लख, जुगारात पटाईत. लंडनमध्ये १६९४ साली द्वंद्वयुद्धात एकाला ठार केलं, फाशीची शिक्षा झाली, तुरुंगातून निसटला आणि युरोपभर पत्त्यांच्या टेबलावर पैसा करत फिरला. सोन्या-चांदीचा तुटवडा असेल तर कागदी पैसा काढावा आणि व्यापाराला खेळतं भांडवल द्यावं, ही त्याची कल्पना. कल्पना मुळात वेडगळ नव्हती. आज जगातलं जवळजवळ प्रत्येक सरकार तेच करतं. पण तेव्हा तिला थारा देणारं कुणी नव्हतं. १७१५ साली चौदावा लुई वारला, फ्रान्सवर डोंगराएवढं कर्ज ठेवून गेला, गादीवर पाच वर्षांचं पोर आलं, आणि कारभारी फिलिप द ऑर्लेआँ याला लॉ हवाच होता.

१७१६ मध्ये लॉने पॅरिसमध्ये बँक काढली. पुढच्या वर्षी उत्तर अमेरिकेतल्या लुइझियाना प्रदेशाच्या व्यापाराचा मक्ता असलेली कंपनी काढली. तीच पुढे मिसिसिपी कंपनी म्हणून गाजली. मग तंबाखूचा मक्ता, नाणी पाडण्याचा हक्क, करवसुली, पूर्वेकडचा व्यापार असं सगळं एकामागोमाग एक त्या कंपनीच्या पोटात गेलं. सरकारी कर्जरोखे द्या आणि कंपनीचे शेअर घ्या. शेअर घ्यायला पैसे नाहीत? लॉचीच बँक नोटा छापून कर्ज देते. ५०० लिव्रचा शेअर १७१९ च्या अखेरीस १०,००० लिव्रच्या आसपास पोचला. पॅरिसच्या र्यू कँकाँपुआ या अरुंद गल्लीत दिवसभर सौदे चालत. तिथला एक कुबडा माणूस लिहिण्यासाठी स्वतःची पाठ भाड्याने देऊन श्रीमंत झाला, असं सांगतात. लुइझियानात मात्र दलदल, डास आणि मूठभर वस्ती. नवी गिऱ्हाइकं येत राहतील तोवरच जुन्यांना नफा. भिशी बुडाली की शेवटचा नंबर लागणाऱ्याचं जे होतं, तेच इथे साऱ्या देशाचं होणार होतं.

१७२० च्या जानेवारीत लॉ फ्रान्सचा अर्थमंत्री झाला. फेब्रुवारीत कुणीही घरात ५०० लिव्रहून जास्त नाणी ठेवू नयेत असा हुकूम निघाला. लोकांनी सोनं पुरून ठेवायला सुरुवात केल्याचं हे लक्षण. मे महिन्यात शेअर आणि नोटांची किंमत टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणण्याचं फर्मान आलं. ओरड एवढी झाली की ते मागे घ्यावं लागलं, पण भरवसा परत घेता आला नाही. जुलैत बँकेच्या दारात नोटा मोडायला आलेल्यांची चेंगराचेंगरी होऊन माणसं मेली. डिसेंबरात लॉ देश सोडून पळाला. १७२९ साली तो व्हेनिसमध्ये वारला.

वेरमुथने लगेच ठसे कोरायला घेतले. लॉवर आणि त्याच्या शेअरबाजारावर एकामागोमाग एक पदकं निघाली. यांतल्या अनेकांचा विषय एकच, वारा. त्या काळी जर्मन आणि डच लोक या सट्ट्याला ‘वाऱ्याचा व्यापार’च म्हणत. हातात काही नाही, नावावर काही नाही, फक्त उद्याच्या भावाची देवाणघेवाण. गंमत म्हणजे ही पदकं आज अमेरिकेतल्या नाणेसंग्राहकांनाही आपली वाटतात. विषय लुइझियानाचा असल्याने बेट्स नावाच्या अभ्यासकाने १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या, वसाहतकालीन अमेरिकेच्या पदकांच्या यादीत लॉच्या टवाळीची पदकं सामील केली. फ्रान्सच्या मूर्खपणावर जर्मन माणसाने केलेला विनोद असा अमेरिकेच्या इतिहासात जाऊन बसला.

त्याच साली लंडनमध्ये दुसरा फुगा. साउथ सी कंपनीचा शेअर १७२० च्या जानेवारीत १२८ पौंडांच्या आसपास होता. उन्हाळ्यात तो हजाराला भिडला आणि वर्ष संपता संपता जिथून निघाला होता तिथे परतला. न्यूटनसारख्या माणसाचेही त्यात पैसे बुडाले. इंग्रजांनी पदकांपेक्षा कागदाला पसंती दिली. विल्यम होगार्थने व्यंगचित्र काढलं, फुग्यांच्या कंपन्यांची चेष्टा करणारे पत्त्यांचे जोड बाजारात आले. ॲम्स्टरडॅममध्ये तर अशा व्यंगचित्रांचा, नाटकांचा, पत्रकांचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच्या नावाचा अर्थ ‘मूर्खपणाचं महाचित्र’ असा करता येईल. ज्या पत्त्यांनी लॉ मोठा झाला, त्याच पत्त्यांवर त्याच्या काळाचं हसं छापलं गेलं, हा योग काही वेगळाच.

टवाळीच्या नाण्यांनी बाजारात प्रत्यक्ष सुट्या पैशांचं काम केलं असा प्रकार घडला शंभरेक वर्षांनी, अमेरिकेत. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनचं मध्यवर्ती बँकेशी वैर. पश्चिमेकडच्या जमिनींचा प्रचंड सट्टा चाललेला. आणि १० मे १८३७ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं बंद केलं. लोकांनी नाणी दडवून ठेवली, दुकानात सुटे मिळेनात. ही उणीव खाजगी टाकसाळींनी तांब्याचे सेंटाएवढे बिल्ले पाडून भरून काढली, आणि पाडताना हात धुऊन घेतले. एका बिल्ल्यावर सरकारी तिजोरी पाठीवर घेऊन रांगणारं कासव, दुसऱ्यावर गाढव, तिसऱ्यावर राखेतून उठणारा फिनिक्स. एकावर तर दोन जहाजं. एका बाजूला शिडं फुगवून चाललेलं, दुसऱ्या बाजूला विजेच्या लखलखाटात खडकावर फुटलेलं, आणि फुटलेल्या जहाजावर जॅक्सनचा वारसदार व्हॅन ब्यूरन याचं नाव. पाव विकत घ्यायचा तर अध्यक्षाची थट्टा काउंटरवर ठेवायची. सरकारला याहून झोंबणारी टीका कुणी केली असेल असं वाटत नाही.

जर्मनीची परंपरा तर चालूच राहिली. १८१६-१७ च्या दुष्काळात तिथे धान्याचे भाव कोरलेली पदकं निघाली. १९२३ च्या महाभयंकर चलनवाढीत निघालेल्या पदकावर रडणारी आई, मुलं आणि भावफलक. १ नोव्हेंबर १९२३ रोजी एक पौंड पाव ३ अब्ज मार्क, एक पौंड मांस ३६ अब्ज मार्क, एक ग्लास बिअर ४ अब्ज मार्क. इथे टवाळी करायचीही गरज उरली नव्हती. नुसते भाव लिहिले की झालं.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राच्या इतिहासात लॉच्या तोडीचा एकच फुगा आहे, १८६३ ते १८६५ चा मुंबईचा शेअरबाजार. आणि त्याची मुळं वाचकाला वाटतात त्यापेक्षा हिंगोलीच्या जवळ आहेत.

हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात. पण गाव लष्कराचं. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची इथे छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही गावातल्या भागांची नावं तिथूनच आली. या फौजेचा पगार निजामाने द्यायचा, आणि तो थकत गेला. थकबाकी एवढी वाढली की १८५३ च्या तहात निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. हिंगोलीच्या छावणीतल्या शिपायांच्या पगाराचा हिशेब पैनगंगेपलीकडच्या काळ्या जमिनीने चुकता झाला, असं म्हटलं तरी चालेल. त्या जमिनीत कापूस पिकत होता. आठच वर्षांनी त्या कापसाला सोन्याचा भाव आला.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा अमेरिकेचा कापूस अडला. मग सगळ्यांच्या नजरा मुंबईकडे वळल्या. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, मराठवाड्याचा कापूस बैलगाड्यांनी, पुढे जिथवर आगगाडी होती तिथून आगगाडीने मुंबईला जाऊ लागला. गाद्या-उशा उसवून कापूस विकल्याच्या आणि वऱ्हाडातल्या कुणब्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवल्याच्या गोष्टी तेव्हापासून सांगितल्या जातात. भेसळही बोकाळली. कापसात पाणी, माती, सरकी मिसळण्याचं प्रमाण इतकं वाढलं की १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. एरवी मिळाला असता त्याहून सुमारे ८ कोटी पौंड जास्त पैसा पाच वर्षांत मुंबईत आला, असा त्या काळचा अंदाज आहे.

एवढा पैसा करायचं काय? टाउन हॉलसमोरच्या वडाखाली आणि आसपासच्या रस्त्यांवर शेअर विकले जाऊ लागले. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्त कंपन्या, ८ जमीन कंपन्या, कापसाच्या गाठी दाबणाऱ्या १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. सगळ्यात वेड होतं समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचं. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखाली आणि तिचा भाव आकाशात. लॉच्या लुइझियानाला शोभावा असाच हा प्रकार.

या बाजाराचा राजा प्रेमचंद रायचंद. जन्म सुरतेचा, साल १८३१, दलालीत तरबेज, आणि ज्याच्यावर त्याची मर्जी त्याला शेअर मिळणार अशी त्याची पत. बँक ऑफ बॉम्बे ही निमसरकारी बँक. तिनेही शेअर तारण ठेवून कर्जं वाटली आणि वाटताना प्रेमचंदच्या शब्दाला मान दिला. मुदतीचे सौदे म्हणजे वायदे होत, आणि त्यातल्या फार मोठ्या भागाची तारीख १ जुलै १८६५ होती.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. बातमी मुंबईत पोचायला काही आठवडे लागले, आणि ती पोचली तशी कापसाबरोबर सगळंच गडगडलं. १ जुलैला वायद्यांचे पैसे द्यायला जवळजवळ कुणाकडेच काही नव्हतं. दिवाळखोरीसाठी १८६५ चा २८ वा कायदा खास करावा लागला. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा शेअर २,८५० वर गेला होता, तो ८७ रुपयांपर्यंत आला, १८६८ मध्ये बँक मोडीत निघाली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. तरुण जमशेटजी टाटा त्या वेळी लंडनमध्ये होते, आणि त्यांच्या हातातले कागद कवडीमोल झाले. शहराची लोकसंख्या १८६४ च्या गणतीत ८,१६,५६२ होती, १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. फुगा फुटल्यावर पोटासाठी आलेली माणसं परत गेली होती.

एवढं सगळं होऊन मुंबईत टवाळीचं एक पदक निघालं नाही. ‘पारशी पंच’सारखं व्यंगचित्रांचं साप्ताहिक १८५४ पासून शहरात होतं, म्हणजे हसण्याची कला अवगत नव्हती असं नाही. दिनशा वाच्छांनी या प्रकरणावर १९१० मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं, तेही डोळस. पण लोकांच्या खिशात राहील असा विनोद कुणी धातूत ओतला नाही. एक कारण उघड आहे. इथे पदकं पाडायची ती सरकारने आणि दरबाराने. दरबाराच्या कामातून उरलेल्या वेळात जगाची खिल्ली उडवणारा वेरमुथसारखा पदककार मुंबईत नव्हता. दुसरं कारण जास्त बोलकं आहे. ज्याची टवाळी व्हायला हवी तोच शहराचा दाता होता.

प्रेमचंदने भरभराटीच्या काळात मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले होते. कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले. मुंबईच्या मनोऱ्याची पायाभरणी १८६९ ची, काम पूर्ण झालं नोव्हेंबर १८७८ मध्ये. दात्याच्या आईचं नाव दिलेला हा राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. ज्या वर्षी पाया घातला, त्याच्या एकच वर्ष आधी बँक ऑफ बॉम्बे बुडाली होती. गोथ्यात साडेतीन सेंटिमीटरची चकती मिळाली, मुंबईत २८० फुटांचा मनोरा. दान खरं होतं, ग्रंथालय खरं आहे, आणि दिवाळं निघाल्यानंतर प्रेमचंद पुन्हा धंद्यात उभा राहिला हेही खरं. तरीही, मनोऱ्याकडे पाहताना बुडालेल्या ठेवीदारांची आठवण करून देणारं तिथे काहीच नाही, हे खटकतं.

आणि बिल कुणी भरलं? मुंबईच्या दलालांसाठी निदान खास कायदा तरी झाला. दख्खनच्या कुणब्यासाठी चौदा वर्षांनी झाला. तेजीच्या काळात सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली होती, कारण भाव चढे होते आणि जमीन तारण होती. भाव पडले, सारा मात्र १८६७ पासूनच्या फेरआकारणीत वाढला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत जागोजाग हेच घडलं. माणसं मारण्यापेक्षा लोकांचा रोख कागदावर होता. दस्तऐवज आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळायचे. या दंग्यांच्या चौकशी आयोगाने कापसाच्या तेजीमुळे फुगलेल्या आणि मग अचानक आटलेल्या कर्जाची नोंद केली, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी सहाय्य कायदा आला.

हिंगोलीत हे लोण पोचलं नाही, मुलूखच वेगळा होता. पण सुप्याच्या दंग्याकडे पाहताना गोथ्याचं पदक आठवल्याशिवाय राहत नाही. सुप्यातही राग नेमका कुणावर निघाला? मारवाडी आणि गुजराती सावकारांवर. परक्या गावचे, परक्या बोलीचे, समोर दिसणारे. त्यांचे व्याजाचे दर सोज्वळ होते असं कुणी म्हणणार नाही. मात्र लिव्हरपूलचा भाव, मुंबईचा वायदा आणि सरकारचा सारा हे तिन्ही गावात दिसत नव्हते. जे दिसत होतं ते जळालं.

आज हिंगोलीत कापसाइतकीच, किंबहुना जास्तच चर्चा हळदीची. जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, आणि तेव्हापासून त्याची बाजारातली ओळख हळूहळू पिवळी होत गेली. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हंगामात वाहनांच्या रांगा लागतात. हळद हे सट्ट्यासाठी फार सोयीचं पीक आहे. ती उकडून, वाळवून, पॉलिश करून ठेवली की टिकते. सांगलीजवळच्या हरिपूरला तर ती जमिनीखालच्या पेवांत ठेवायची पद्धत होती, २००५ च्या महापुरात ती पेवं मोठ्या प्रमाणात बुडाली. जे टिकतं ते कोंडून ठेवता येतं, आणि जे कोंडता येतं त्याच्या उद्याच्या भावावर पैज लावता येते.

एनसीडीईएक्स या वस्तू बाजारात हळदीचे वायदे २००४ पासून चालतात. २०१० मध्ये क्विंटलचा भाव १५-१६ हजारांच्या घरात गेला, शेतकऱ्यांनी भरमसाठ लागवड केली, आणि २०१२ उजाडेपर्यंत तो चार-पाच हजारांवर आला. २०२३ च्या उन्हाळ्यात सहा-सात हजारांवर असलेली हळद ऑगस्टपर्यंत दुपटीच्या पुढे गेली. कमी लागवड आणि पावसाचा खंड ही कारणं खरी होती. पण तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांची हळद मार्च-एप्रिलच्या बिटातच आडत्याच्या काट्यावर जाऊन आली होती. ज्याला घरात माल थांबवणं परवडलं, त्याची दसऱ्याआधीच दिवाळी झाली. सोयाबीनचं उलटं. त्याचे वायदे बाजार नियामक सेबीने २० डिसेंबर २०२१ रोजी थांबवले आणि बंदी वेळोवेळी वाढवली. थांबवताना कारण दिलं महागाईचं. शेतकरी संघटनांची तक्रार अशी की भाव चढताना बाजार बंद होतो, पडताना कुणी काही बंद करत नाही. वायदा म्हणजे पाप असं मानायचं कारण नाही. पेरणीच्या वेळीच काढणीचा भाव बांधून घेता येणं ही शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट आहे. पण हिंगोलीतल्या दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्यापर्यंत ती सोय अजून पोचलेली नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त मोबाइलवरचा भाव.

गोथ्याची पदकं आज युरोपातल्या संग्रहालयांत मखमलीवर ठेवलेली आहेत. आपल्या फुग्यांची पदकं नाहीत, पण कागद असण्याची शक्यता पुष्कळ आहे. जुन्या पेढ्यांच्या वह्या, वायद्याच्या चिठ्ठ्या, बुडालेल्या कंपन्यांचे शेअर, सावकारी रोखे, निजामाच्या हाली सिक्क्याचा आणि इंग्रजी कलदार रुपयाचा बट्टा लिहिलेले हिशेब, असं काहीबाही हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या जुन्या वाड्यांतल्या फडताळांत अजून असेल. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, विद्यापीठांचे इतिहास विभाग आहेत. वाचकांपैकी कुणाच्या घरी असं बाड असेल तर ते रद्दीत घालण्याआधी एखाद्या अभ्यासकाला दाखवा.